पाण्याचा पेला आणि राष्ट्राध्यक्षाचें आसन

१९७४ च्या एप्रिल महिन्यांत फ्रान्समधील घरोघरच्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सत्तर वर्षांचे एक वृद्ध प्राध्यापक दिसूं लागले. अंगांत कोट नाहीं, गळ्यांत टाय नाहीं. लाल लोकरीचा एक साधा स्वेटर, पांढरे केस, आणि समोर पाण्यानें भरलेला एक पेला. त्यांनीं तो पेला उचलला, साऱ्या राष्ट्रादेखत त्यांतील पाणी ते प्याले, आणि हें पाणी मोलाचें आहे, आजची उधळपट्टी अशीच चालू राहिली तर शतक संपण्याच्या आंत त्याची वाण पडेल, असें त्यांनीं बजावलें. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारानें मतें मागावयाचीं तीं करांत सूट, पगारांत वाढ आणि राष्ट्राला वैभव अशा आश्वासनांवर, असा सर्वत्र परिपाठ. येथें मात्र एक उमेदवार मतदारांना काटकसर करावयास सांगत होता! कित्येकांना हंसूं आलें; कित्येक गंभीर झाले. निसर्गरक्षणाच्या एकाच प्रश्नावर फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविण्याचा तो पहिला प्रसंग होता.

रने द्यूमाँ हें या उमेदवाराचें नांव. हे कोणी स्वप्नाळू कवि नव्हते, किंवा शहराला कंटाळून रानांत जाऊन राहिलेले विरक्तही नव्हते. त्यांचा जन्म १९०४ सालीं उत्तर फ्रान्समधील काँब्रे या गांवीं झाला. शेतकीशास्त्राचें शिक्षण घेऊन ते तरुणपणींच इंडोचायनांत गेले, आणि तोंकिनच्या त्रिभुज प्रदेशांतील भातशेतीवर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या शेतीची पुनर्घटना करण्याचें काम निघालें, तेव्हां रासायनिक खतें आणि यंत्रें यांचा जोरदार पुरस्कार करणाऱ्यांत द्यूमाँ अग्रभागीं होते. पुढें आशिया व आफ्रिका खंडांतील खेडीं पायांखालीं घालतां घालतां त्यांचें मन बदललें. जमीन झिजत चालली आहे, रानें तुटत आहेत, आणि श्रीमंत देशांच्या चैनीचें बिल गरीब देशांच्या नांवानें फाडलें जात आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९७३ मधील त्यांच्या पुस्तकाचें नांवच ‘स्वप्नराज्य अथवा मृत्यु’ अशा अर्थाचें होतें. ज्यानें जुन्या मताचा स्वतः प्रचार केला, त्याच माणसानें तें मत टाकून द्यावें, यांत एक निराळेंच वजन असतें. द्यूमाँ यांच्या बोलण्याला तें होतें.

निवडणूक आली तीही अकस्मात्. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू हे अधिकारावर असतांनाच २ एप्रिल १९७४ रोजीं मरण पावले, आणि ५ मे रोजीं मतदानाची पहिली फेरी ठरली. ‘पृथ्वीचे मित्र’ आणि तशाच लहानसहान मंडळांनीं घाईघाईनें एकत्र येऊन द्यूमाँ यांना गळ घातली. पॅरिसमध्यें सेन नदींतील एका नौकेवर प्रचाराची कचेरी थाटण्यांत आली, आणि उमेदवार सायकलीवरून हिंडूं लागले. काळ तर अनुकूल भासत होता. १९७३ च्या आक्टोबरपासून चारपांच महिन्यांतच खनिज तेलाचा भाव चौपट झाला होता. वाढीला मर्यादा आहेत असें सांगणारा ‘क्लब ऑफ रोम’चा अहवाल १९७२ सालींच निघालेला होता. परंतु त्याच संकटाला सरकारनें दुसरें उत्तर काढलें. तेल महागलें तर अणुशक्तीची वीज करूं, असें म्हणून १९७४ च्या मार्चमध्यें मोठमोठ्या अणुवीजकेंद्रांची योजना जाहीर झाली. एका बाजूला वापर कमी करा असें सांगणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला वापर चालूं द्या, इंधन आम्ही बदलतों असें सांगणारें सरकार!

मतमोजणी झाली तेव्हां द्यूमाँ यांच्या पदरांत ३ लक्ष ३७ हजार ८०० मतें पडलीं, म्हणजे शेंकडा १.३२. बारा उमेदवारांत त्यांचा क्रमांक सहावा लागला. गंमत अशी कीं सातव्या क्रमांकावर, शेंकडा ०.७५ मतें घेऊन, उग्र राष्ट्रवादाचे पुढारी जाँ-मारी ल पेन हे होते. त्या दिवशीं दोघांकडे पाहून, पुढील काळ यांच्यापैकीं कोणाचा, असा प्रश्न कोणी केला असता, तर पुष्कळांनीं प्राध्यापकांचेंच नांव घेतलें असतें.

येथें फ्रान्समधील या पदाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. भारताच्या राष्ट्रपतींची निवड लोकप्रतिनिधि करतात आणि कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतो. फ्रान्समध्यें १९६२ च्या सार्वमतापासून राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनीं निवडला जातो. सैन्य, परराष्ट्रकारण आणि अण्वस्त्रें यांवर त्याचा अधिकार चालतो, आणि विधिमंडळ बरखास्त करण्याची सत्ताही त्याच्या हातीं असते. मतदान दोन फेऱ्यांत होतें. पहिलींत पुष्कळ उमेदवार, दुसरींत फक्त दोन. पहिलींत निवडावें, दुसरींत वगळावें, असें तिकडे म्हणतात. मग निसर्गाची काळजी वाहणाऱ्या मतदारानें पहिल्या फेरींत तरी आपल्या मनाप्रमाणें मत द्यावयास हरकत कोणती? हरकत असते, आणि ती कोठें असते हेंच फ्रान्सच्या पुढील पन्नास वर्षांत दिसून आलें.

१९७८ च्या मार्चमध्यें ‘आमोको कादिझ’ हें तेलवाहू जहाज ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटलें आणि दोन लक्ष टनांहून अधिक तेल समुद्रांत पसरलें. त्याच ब्रिटनीच्या टोंकाशीं प्लोगॉफ येथें अणुवीजकेंद्र बांधण्याचें सरकारनें योजिलें, आणि १९८० सालीं तेथील कोळी, शेतकरी व बायकामाणसें पोलिसांशीं झुंजलीं. या वातावरणांत १९८१ सालीं ब्रीस लालोंद यांना शेंकडा ३.८८, म्हणजे अकरा लक्षांहून जास्त मतें मिळालीं. पहिल्या फेरींत ते गळाले. परंतु दुसऱ्या फेरींत अटीतटीचा सामना असल्यामुळें या अकरा लक्षांकडे दोन्ही बाजूंचें लक्ष होतें. समाजवादी फ्रांस्वा मितराँ निवडून आले, आणि त्यांनीं प्लोगॉफचें केंद्र रद्द केलें. लार्झाकच्या पठारावरील लष्करी तळाचा विस्तारही थांबविला. बाकीचीं अणुकेंद्रें मात्र बांधलीं गेलींच. जिंकणाऱ्यानें हरणाऱ्याच्या मागण्यांतील दोन उचलाव्या आणि उरलेल्या विसरून जाव्या, असा हा व्यवहार होता. पुढें याच मितराँ यांच्या कारकीर्दींत, १९८५ च्या जुलैमध्यें, ‘ग्रीनपीस’ संस्थेचें ‘रेन्बो वॉरियर’ जहाज फ्रेंच हेरांनीं न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदरांत बुडविलें. त्यांत एक छायाचित्रकार प्राणास मुकला. तीन वर्षांनीं तेच मितराँ मोठ्या बहुमतानें पुन्हा निवडून आले, आणि हरितपक्षाचे आंत्वान वेश्तेर शेंकडा ३.७८ वर थांबले.

यावरून फ्रेंच मतदाराला निसर्गाचें सोयरसुतक नाहीं, असा निष्कर्ष काढावा, तर पुढच्याच वर्षीं तो खोटा ठरला. १९८९ सालीं युरोपीय संसदेची निवडणूक झाली, तींत त्याच वेश्तेर यांच्या यादीला शेंकडा १०.५९ मतें मिळालीं. मतदानाला माणसें कमी आलीं म्हणून शेंकडेवारी फुगली, हें म्हणणें येथें पुरें पडत नाहीं, कारण मोजून पाहतां अकरा लक्षांचीं एकोणीस लक्ष मतें झालेलीं होतीं. पुढें हाच प्रकार पुनःपुन्हा घडला. २००९ सालीं युरोपीय निवडणुकींत हरितांना शेंकडा १६.२८, म्हणजे सुमारें अठ्ठावीस लक्ष मतें पडलीं. तीनच वर्षांनीं राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभ्या राहिलेल्या एव्हा जोली यांना शेंकडा २.३१, म्हणजे सव्वाआठ लक्षांच्या आसपास. भ्रष्टाचाराच्या मोठमोठ्या प्रकरणांचा तपास करून नांव मिळविलेल्या या न्यायाधीश बाई. त्यांच्या योग्यतेविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें. वीस लक्ष माणसें तीन वर्षांत निसर्गाला विसरलीं, असें कोण म्हणेल?

तीं विसरलीं नव्हतीं. युरोपीय संसदेंत मतांच्या प्रमाणांत जागा मिळतात. तेथें दिलेलें मत वायां जात नाहीं, आणि शिवाय तेथील निर्णयाची धग घराला लगेच लागत नाहीं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत मतदारापुढें निराळा प्रश्न असतो. हा मनुष्य सैन्य हातीं घेईल काय? बेकारी वाढली तर काय करील? आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे, याला मत दिलें तर नको असलेला दुसरा पुढें सरकणार नाहीं ना? या भीतीला २००२ सालीं प्रत्यक्ष पुरावा मिळाला. त्या वर्षीं नोएल मामेर यांनीं शेंकडा ५.२५ मतें घेतलीं. राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतींत फ्रेंच हरितपक्षाला आजवर मिळालेला हा सर्वांत मोठा आंकडा. परंतु त्याच पहिल्या फेरींत समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ दोन लक्षांहूनही थोड्या कमी मतांनीं मागें पडले, आणि दुसऱ्या फेरींत गेले ते १९७४ मधील सातव्या क्रमांकाचे ल पेन! डाव्या बाजूचीं मतें अनेक उमेदवारांत वांटलीं गेलीं होतीं. मामेर त्यांतले एक. जोस्पाँ यांच्याच मंत्रिमंडळांत हरितपक्षाच्या दोमिनिक व्हॉयने पर्यावरणमंत्री होत्या, आणि १९९५ मध्यें स्वतः शेंकडा ३.३२ मतांवर पडलेल्या या बाईंच्या पक्षाशीं केलेल्या युतीमुळेंच १९९७ सालीं ‘सुपरफेनिक्स’ ही प्रचंड अणुभट्टी बंद करण्याचा निर्णय झाला होता. म्हणजे ज्या सरकारकडून कांहीं पदरांत पडलें, तेंच सरकार गेलें. त्या रात्रीची आठवण पुष्कळ घरांत दीर्घकाळ टिकली.

२००७ सालीं तर याहून विलक्षण प्रकार झाला. दूरचित्रवाणीवर निसर्गाचीं दृश्यें दाखवून घरोघर प्रिय झालेले निकोला उलो यांनीं एक करारपत्र तयार केलें आणि प्रमुख उमेदवारांपुढें ठेविलें: सही करा, नाहीं तर मी उभा राहतों. लक्षावधि नागरिकांनीं त्यावर सह्या केल्या. उजव्या, डाव्या आणि मधल्या पक्षांच्या पुढाऱ्यांनींही केल्या. उलो उभे राहिले नाहींत. सगळेच निसर्गाचे कैवारी झाल्यावर हरितपक्षाची गरज ती काय उरली? व्हॉयने पुन्हा उभ्या होत्या. त्यांना शेंकडा १.५७ मतें मिळालीं, द्यूमाँ यांच्यापेक्षां किंचित् अधिक. उलो पुढें २०१७ मध्यें मॅक्राँ यांचे मंत्री झाले, आणि २८ ऑगस्ट २०१८ रोजीं सकाळीं नभोवाणीवरील मुलाखत चालू असतांना, राष्ट्राध्यक्षांना आधीं न कळवितां, त्यांनीं राजीनामा जाहीर केला. लहान लहान पावलें टाकून भागत नाहीं, आणि आपण एकटे पडलों आहों, असें त्यांच्या बोलण्याचें तात्पर्य होतें. करारावर सही करणें सोपें असतें, हें त्यांना कळण्यास अकरा वर्षें लागलीं.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत पिवळीं जाकिटें घातलेलीं माणसें रस्त्यावर उतरलीं. निमित्त होतें इंधनावरील वाढत्या कराचें. आणि हा कर निसर्गरक्षणाच्या नांवानें बसविला जात होता. हे लोक निसर्गाचे वैरी होते असें मानणें अन्यायाचें आहे. कामावर जाण्यास मोटारीवांचून गति नाहीं, गांवांत आगगाडी थांबत नाहीं, आणि महिन्याच्या शेवटीं पैसे उरत नाहींत, अशी त्यांतील पुष्कळांची स्थिति होती. काटकसरीचा उपदेश ज्याच्याजवळ जास्त आहे त्याला आधीं करावा, ही गोष्ट द्यूमाँ १९७४ मध्येंच सांगत असत. त्यांच्या प्रचारांत श्रीमंत देशांची चैन आणि गरीब देशांची भूक हीं जोडीनें येत. पुढच्या पुढाऱ्यांनीं पाण्याचा पेला लक्षांत ठेविला आणि हें दुसरें अर्धें बरेचसें सोडून दिलें. सरकारला तो कर अखेर मागें घ्यावा लागला.

हरित विचाराचा मनुष्य थेट लोकांच्या मतांनीं राष्ट्राध्यक्ष होऊंच शकत नाहीं काय? ऑस्ट्रियांत झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि पूर्वीं अकरा वर्षें तेथील हरितपक्षाचे अध्यक्ष असलेले आलेक्सांडर फान डेर बेलेन हे डिसेंबर २०१६ मध्यें शेंकडा ५३.८ मतांनीं निवडून आले, आणि २०२२ मध्यें पुन्हा पहिल्याच फेरींत. परंतु ते उभे राहिले होते स्वतंत्र उमेदवार म्हणून. त्यांच्या भित्तिपत्रकांवर मायभूमीचे डोंगर होते, आणि २०१६ मध्यें त्यांच्यासमोर उग्र राष्ट्रवादी प्रतिस्पर्धी होता. शिवाय ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष दैनंदिन कारभार चालवीत नाहीं. जी भीति फ्रान्समध्यें हरित उमेदवाराच्या आड आली, तीच भीति येथें त्याच्या पाठीशीं उभी राहिली.

फ्रान्समध्यें २०२० सालीं लियों, बोर्दो, स्त्रासबूर या मोठ्या शहरांचे नगराध्यक्ष हरितपक्षाचे झाले. २०१९ च्या युरोपीय निवडणुकींत यानिक जादो यांच्या यादीला तीस लक्षांवर मतें पडलीं होतीं. तेच जादो एप्रिल २०२२ मध्यें राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे राहिले, आणि शेंकडा ४.६३ वर आले. शेंकडा पांचांची रेषा न ओलांडल्यामुळें प्रचारखर्चाची मोठी सरकारी भरपाई बुडाली, आणि मतमोजणीच्या रात्रींच त्यांना समर्थकांकडे वर्गणीसाठीं हात पसरावा लागला. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें अवर्षणानें नद्या आटल्या, आणि शंभरांहून अधिक गांवांत नळाला पिण्याचें पाणी उरलें नसल्याचें सरकारच्या मंत्र्यांनीं सांगितलें. तेथें टँकरनें पाणी पोंचविण्यांत येत होतें.