खिडकी आणि कडा

इंग्रजी कोश चाळतांना 'डिफेनेस्ट्रेशन' हा शब्द क्वचितच नजरेस पडतो. लॅटिन भाषेंत 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. तेव्हां माणसास खिडकींतून बाहेर फेकून देणें, एवढाच त्याचा अर्थ. एवढ्या एका कृत्यासाठीं स्वतंत्र शब्द असावा याचें नवल वाटेल. परंतु मराठी माणसास तें फारसें वाटूं नये. कड्यावरून लोटून देण्याच्या शिक्षेस त्याच्या भाषेंत 'कडेलोट' हा शब्द आहेच, आणि रायगडच्या टकमक टोकाशीं त्या शिक्षेची आठवण जोडलेली आहे.

दोहोंत पडणें एकच. फेकणारा मात्र निराळा. कडेलोट ही सत्तेनें अपराध्यास दिलेली शिक्षा. डिफेनेस्ट्रेशनमध्यें प्रजाच सत्ताधाऱ्यांस त्यांच्या कचेरींतून बाहेर फेकते. या शब्दाचा इतिहास घडला तो बोहेमियाची राजधानी प्राग येथें.

यान हुस या धर्मसुधारकास १४१५ मध्यें कॉन्स्टन्स येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्यानंतर, ३० जुलै १४१९ रोजीं, यान झेलिव्स्की या धर्मोपदेशकाच्या पुढारीपणाखालीं हुसच्या अनुयायांची मिरवणूक प्रागच्या नव्या शहराच्या नगरभवनावर गेली आणि आपल्या बंदिवान बांधवांची सुटका मागूं लागली. ती नाकारली जातांच जमाव आंत घुसला व नगराधिकाऱ्यांस खिडक्यांतून फेकून ठार करण्यांत आलें. पाठोपाठ पेटलेलीं युद्धें सुमारें पंधरा वर्षें चाललीं.

दोनशें वर्षांनीं तोच प्रसंग पुनः घडला. सम्राट दुसरा रूडॉल्फ यानें १६०९ मध्यें दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद मोडली जात आहे, अशी प्रॉटेस्टंटांची तक्रार होती. २३ मे १६१८ रोजीं त्यांचे सरदार प्रागच्या किल्ल्यांत शिरले. स्लावाटा व मार्टिनित्स या दोन राजप्रतिनिधींस त्यांनीं जाब विचारला आणि त्यांना, चिटणीस फाब्रिसियससह, सुमारें ७० फूट खालीं फेकून दिलें. तिघेही वांचले! कॅथॉलिकांनीं याचें श्रेय मेरी मातेस दिलें. प्रतिपक्षानें तें खालच्या उकिरड्यास दिलें. चिटणिसास पुढें सरदारकी मिळाली, तीही 'उंच पतन' अशा अर्थाच्या 'होहेनफाल' या नांवानें.

ही गोष्ट हंसण्यासारखी खरी. परंतु तिचें मोल भयंकर होतें. १६२० मध्यें बंडखोरांचा पराभव झाला, आणि २१ जून १६२१ रोजीं त्यांच्यापैकीं २७ जणांस प्रागच्या चौकांत देहदंड देण्यांत आला. युरोपांतील युद्ध मात्र १६४८ पर्यंत शमलें नाहीं. इंग्रजींत हा शब्द आला तोही सतराव्या शतकांतच.

विसाव्या शतकांत प्रागच्याच एका खिडकीनें या शब्दाचा अर्थ पालटला. फेब्रुवारी १९४८ मध्यें कम्युनिस्टांनीं सत्ता हस्तगत केली, आणि १० मार्च रोजीं परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा मृतदेह चेर्निन प्रासादाच्या अंगणांत, खिडकीखालीं सांपडला. सरकार आत्महत्या म्हणालें. अनेकांस खुनाचा संशय आला. २००४ मध्यें पोलिसांनीं तो खूनच ठरविला. २०२१ मध्यें मात्र निश्चित कारण न सांपडतां चौकशी थांबली.

येथें संशय प्रजेवर नव्हता, सत्तेवर होता. मग हा कडेलोटच म्हणावा काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. कडेलोट कितीही क्रूर असला, तरी तो कोणाच्या हुकुमानें झाला हें सर्वांस ठाऊक असे. पूर्वींच्या दोन प्रसंगीं फेकणाऱ्यांनींही आपलीं तोंडें लपविलीं नव्हतीं. हल्लीं एखाद्या पुढाऱ्यास पदावरून काढल्यासही इंग्रजींत हाच शब्द थट्टेनें वापरतात. तो वाचतांना, फेकणारा कोण, हा प्रश्न वाचकानें विचारावयासच हवा.