फायरवॉलमधील उसने सॉफ्टवेअर

संस्थेचे नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या वेशीवर बसवलेल्या फायरवॉलमध्ये उत्पादकाने स्वतः न लिहिलेले, बाहेरून घेतलेले बरेच सॉफ्टवेअर असते. त्यातून येणाऱ्या सुरक्षादोषांची ही नोंद आहे. फायरवॉल हा मुळात एक संगणकच. आत लिनक्स किंवा बीएसडीचा गाभा, एन्क्रिप्शनसाठी बहुधा ओपनएसएसएल, दुरून प्रवेशासाठी ओपनएसएसएच, अ‍ॅडमिन पानासाठी वेब सर्व्हर आणि सगळ्याच्या खाली बूट फर्मवेअर. पेटीवर नाव एका कंपनीचे, आतला कोड अनेकांचा. मूळ घटकाची दुरुस्ती आली तरी ग्राहकाला ती परस्पर बसवता येत नाही. उत्पादक नवे फर्मवेअर काढीपर्यंत थांबावे लागते.

७ एप्रिल २०१४ रोजी उघड झालेला हार्टब्लीड हा दोष याचे ठळक उदाहरण आहे. जोडणी चालू आहे ना, हे पाहण्यासाठी समोरचा संगणक थोडा मजकूर पाठवतो आणि त्याची लांबी सांगतो. ओपनएसएसएल १.०.१ ही लांबी न पडताळता तेवढा मजकूर परत देत असे. एक अक्षर पाठवून ६४ किलोबाइट मागितले, तर उरलेला भाग स्वतःच्या मेमरीतून भरून येई. त्यात पासवर्ड किंवा चालू सत्राची खूणही सापडे. दोष मार्च २०१२ पासून होता. फोर्टिनेटचे फोर्टिओएस ५.० आणि ज्युनिपरची काही एसएसएल व्हीपीएन उपकरणे त्यात सापडली. दुहेरी ओळखपडताळणी असूनही एका संस्थेची व्हीपीएन सत्रे या वाटेने पळवली गेल्याचे मँडियंट या सुरक्षा कंपनीने त्याच महिन्यात नोंदवले.

जानेवारी २०२५ मध्ये एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने पालो आल्टो नेटवर्क्सच्या तीन फायरवॉल तपासल्या. तिन्हींत ग्रब२ या बूटलोडरमधला, २०२० सालीच जाहीर झालेला बूटहोल दोष निघाला. अद्ययावत प्रणाली आणि नीट बंदिस्त ठेवलेला अ‍ॅडमिन प्रवेश असेल, तर त्याचा गैरफायदा घेता येत नाही, असे उत्पादकाचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी जुना दोष इतकी वर्षे पेटीत राहतो, ही बाब गंभीरच आहे.

महाराष्ट्राला बसलेला जवळचा फटका फायरवॉलचा नव्हता, पण दोषाची जात तीच. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या मुंबईच्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याने यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेतून तात्पुरते तोडले. देशभरातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. सेवा १ ऑगस्टला पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात ब्रॉन्टू या पुरवठादार कंपनीच्या नीट सेट न केलेल्या, सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेन्किन्स सर्व्हरपासून झाली, आणि तिथे जेन्किन्समधला सीव्हीई-२०२४-२३८९७ हा दोष वापरला गेला. हा दोष जेन्किन्सने आज्ञा वाचण्यासाठी घेतलेल्या आर्ग्ज४जे या लायब्ररीच्या एका सोयीतून आला होता: ‘@’पुढे फाइलचा पत्ता दिला, की तिथे त्या फाइलचा मजकूर भरला जाई. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच निघाली होती. बँकेने ज्या लायब्ररीचे नावही ऐकलेले नसते, तिच्यापासून बँकेच्या खातेदारापर्यंत धोका कसा पोचतो, हे या साखळीत स्पष्ट दिसते.

जळगाव जिल्ह्यातल्या यावलसारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्या रॅकमध्ये स्विचशेजारी फायरवॉलची अशी पेटी असेल, तर तिची देखभाल सहसा जळगाव-भुसावळच्या एएमसीवाल्याकडे असते. स्क्रीनवर अँटिव्हायरस ‘अप टू डेट’ दिसते, म्हणून पेटी सुरक्षित धरली जाते. पण ती तारीख व्हायरस ओळखण्याच्या सिग्नेचरची असते. फर्मवेअरची आवृत्ती वेगळ्या पानावर असते, आणि उसने घटक त्या आवृत्तीइतकेच जुने. फर्मवेअर बदलताना पेटी रीबूट होते, काउंटरची लाइन काही मिनिटे तुटते, मग काम पुढच्या रविवारवर ढकलले जाते. लायसन्स संपले तर अनेक कंपन्यांकडे नवे फर्मवेअरही मिळत नाही. अ‍ॅडमिन पान इंटरनेटवर उघडे असणे त्याहून घातक. ते आतल्या ठरावीक संगणकांपुरतेच ठेवावे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकयादीबाबत तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणता घटक, कोणाचा, कोणत्या आवृत्तीचा, हे अशा यादीत असते. खरेदीच्या निविदेत ही यादी, दुरुस्ती देण्याची मुदत आणि उत्पादकाचा पाठिंबा कोणत्या वर्षापर्यंत आहे, या तीन गोष्टी लेखी मागता येतात. सर्ट-इनच्याच २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यांत फायरवॉलचे लॉगही येतात.