हाफकिन संशोधन संस्था

हाफकिन संशोधन संस्था : साथीच्या रोगांचे संशोधन व त्यासंबंधीचे उच्च शिक्षण यांसाठी प्रसिद्ध असलेली परळ, मुंबई येथील संस्था. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक प्लेगची साथ उद्‌भवली. पटकीवरील लस तयार करून १८९३ मध्ये भारतात आलेले सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ व्हॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून व उष्णतेने मारून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांपेक्षा त्यांच्यात रोगाचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तथापि स्वेच्छेने पुढे येणारे व न येणारे यांच्यात मुळातच भेद असू शकतो. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंडेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस टोचण्यात आली. घर, अन्न व संसर्गाचा धोका समान असल्याने ही तुलना अधिक विश्वसनीय ठरली. साथरोगशास्त्रातील आजच्या लसचाचण्यांचे मूलतत्त्व हेच होय.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली. १९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. त्याचा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदापासून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुराव्यावरून दिसून आल्याने १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. परंतु दरम्यान लसीविषयी लोकांच्या मनात भीती निर्माण झाली होती. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळ येथे काम करून उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे प्रस्थापित केले.

१९०६ मध्ये प्रयोगशाळेस ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ हे नाव मिळाले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९७५ मध्ये लसोत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि संशोधन, चाचणी व प्रशिक्षण हे कार्य संस्थेकडे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या पीएच्. डी. पदवीसाठी येथे संशोधन करता येते. तुलनेचे गट समान असणे, प्रत्येक बाटलीची नोंद ठेवणे आणि लोकांचा विश्वास संपादणे, हे तीन धडे येथील इतिहासातून संशोधकास मिळतात.