ट्यूब्युलर टायर (शर्यतीच्या सायकलीचा)

आतली ट्यूब आवरणातच शिवून बंद केलेला व रिमला गोंदाने चिकटवला जाणारा टायर. नेहमीच्या टायरच्या दोन्ही कडांत तार असते आणि ती रिमच्या ओठात अडकते. अशा टायरला सायकलपटू ‘क्लिंचर’ म्हणतात. ट्यूब्युलरला तार नसते, त्याच्या रिमला ओठ नसतो. तो रिमवर टिकतो तो हवेचा दाब व गोंद या दोहोंच्या जोरावर. या नोंदीत रस्त्यावरील व ट्रॅकवरील शर्यतींसाठी त्याची निवड कशी करावी याचा विचार केला असून सोलापूर व आसपासच्या कोरडवाहू पट्ट्यातील परिस्थिती विशेष लक्षात घेतली आहे.

रचना

आवरणाचा, म्हणजे केसिंगचा, गाभा सुती, रेशमी, नायलॉन किंवा पॉलिएस्टर धाग्याचा असतो. पण तो विणलेला नसतो. सोलापुरी चादरीला ताणा आणि बाणा दोन्ही लागतात. टायरच्या केसिंगमध्ये ताणा असतो, बाणा नसतो. समांतर धाग्यांना रबर चढवून तो थर सुमारे ४५ अंशांत तिरका कापतात आणि त्यावर दुसरा थर उलट्या तिरक्या दिशेने बसवतात. आडव्या धाग्याची गुंफण नसल्याने दाबाखाली धागे एकमेकांना कापत नाहीत आणि टायर लवचीक राहतो. हीच लवचीकता वेगाचे मूळ आहे. रस्त्याच्या प्रत्येक खड्याला टायर किती कमी ऊर्जा गमावून दबतो व उसळतो, यावर चाकाचे सहज धावणे अवलंबून असते.

धाग्याचा बारीकपणा इंचातील धाग्यांच्या संख्येने (टीपीआय) सांगतात. उत्तम सुती केसिंगची जाहिरातीतील संख्या ३००च्या वर असते. मात्र काही कंपन्या एकाच थराचे धागे मोजतात, तर काही सर्व थरांची बेरीज सांगतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नये.

बनवण्याच्या रीती दोन. एकीत रस्त्याला लागणारा रबरी पट्टा केसिंगवर साच्यात तापवून पक्का करतात. दुसरीत तो तयार पट्टा थंड अवस्थेत हाताने चिकटवतात. दुसऱ्या रीतीचे टायर अधिक मऊ, अधिक महाग व अधिक नाजूक. ट्यूब लॅटेक्सची किंवा ब्युटाइलची असते. लॅटेक्सची ट्यूब वेगवान, पण रातोरात हवा सोडते; तिच्यात शर्यतीच्या दिवशी सकाळी हवा भरावीच लागते. ब्युटाइल कित्येक दिवस हवा धरते. चेक प्रजासत्ताकातील टुफो ही कंपनी वेगळी ट्यूब न घालता आतून हवाबंद केलेले ट्यूब्युलर बनवते.

इतिहास

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८मध्ये बेलफास्ट येथे हवेचा टायर तयार केला. १८९१मध्ये मिशलँ बंधूंनी सहज काढता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी त्यावर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही शर्यत जिंकली. तरीही हलकेपणामुळे शिवलेला, चिकटवलेला टायरच पुढे जवळजवळ शंभर वर्षे शर्यतीचा टायर राहिला. सुरुवातीच्या तूर द फ्रान्समधील स्पर्धक सुटे टायर खांद्यांवरून छातीवर आडवे टाकून सायकल चालवत, हे जुन्या छायाचित्रांत दिसते. नंतर हलके क्लिंचर आले. २०१९ची गेंट–वेव्हेलगेम शर्यत अलेक्झांडर क्रिस्टोफ यांनी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरवर जिंकली. आता रस्त्यावरील बहुतेक व्यावसायिक संघ ट्यूबलेसकडे वळले आहेत; ट्रॅकवर ट्यूब्युलरचे स्थान अद्याप भक्कम आहे.

वेगाचा प्रश्न

ट्यूब्युलर अधिक वेगवान की क्लिंचर, यावर एकमत नाही. फिरत्या ड्रमवरील चाचण्यांत लॅटेक्स ट्यूब घातलेले उत्तम क्लिंचर ट्यूब्युलरच्या बरोबरीने, कधी पुढेही दिसतात. ड्रम म्हणजे रस्ता नव्हे, असा आक्षेप जुने सायकलपटू घेतात आणि तो सर्वस्वी फोल नाही. ट्यूब्युलरची रिम हलकी असते, रिमच्या कडेवर आपटून ट्यूबला दोन छिद्रे पडण्याचा प्रकार त्यात कमी घडतो आणि हवा गेली तरी टायर रिमवर टिकत असल्याने सायकलपटू काही अंतर पुढे जाऊ शकतो. मात्र गोंद नीट लागला नसेल, तर टायर व रिम यांच्यामधील सूक्ष्म हालचालीत ऊर्जा वाया जाते. गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरल्यास हे नुकसान आणखी वाढते. प्रस्तुत लेखकाच्या मते, चांगल्या प्रतीच्या दोन टायरमधील फरकापेक्षा एकाच टायरच्या चांगल्या व वाईट चिकटवणीतील फरक मोठा असतो.

चिकटवणे

नव्या रिमवर तेल किंवा मेणाचा थर असतो, तो अॅसिटोनने पुसून काढतात. अॅल्युमिनियमची रिम आधी बारीक पॉलिश पेपरने हलकी घासतात. कार्बनची रिम घासू नये. टायर प्रथम गोंदाशिवाय रिमवर चढवून, हवा भरून एक-दोन दिवस ताणायला ठेवतात. हे न केल्यास गोंद ओला असताना टायर ओढून बसवणे मुश्कील होते आणि गोंद रिमच्या बाजूंना पसरतो.

नंतर रिमवर गोंदाचे पातळ थर देतात: दोन किंवा तीन, प्रत्येक थर सुमारे एक दिवस वाळवून. टायरच्या शिवणीवरील सुती पट्टीलाही (बेस टेप) एक-दोन थर लागतात. पट्टी गोंद पिऊन घेते. पहिला थर वाळल्यावर कोरडा दिसला तर तो कमी पडला असे समजावे. शेवटचा थर ओला असतानाच टायर बसवतात. व्हॉल्व्हचे छिद्र वर येईल अशी रिम जमिनीवर उभी धरून व्हॉल्व्ह आत घालतात आणि दोन्ही हातांनी टायर दोन बाजूंनी खाली ताणत नेतात. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी उचलून चढवतात. थोडी हवा भरून चाक फिरवतात आणि बेस टेपची कडा रिमच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत टायर हलवून सरळ करतात. मग पूर्ण हवा भरून दिवसभर तसाच ठेवतात. शर्यतीपूर्वी हवा काढून टायर अंगठ्यांनी बाजूला लोटून पाहतात. कुठेही बेस टेप व रिम यांच्यामध्ये फट उघडली तर ते चाक शर्यतीत घालू नये.

पंक्चरवाल्याचे ‘सोल्युशन’ या कामाला चालत नाही. ते ठिगळ कायमचे चिकटावे म्हणून असते; रिमचा गोंद मात्र वाळल्यावरही चिकट राहावा लागतो, म्हणजे वाटेत टायर बदलला तरी जुन्या थरावर नवा टायर काही प्रमाणात धरतो. असा वाटेत बदललेला टायर वळणांवर जपून चालवावा, कारण त्याची पकड नव्या गोंदाइतकी नसते. पूर्वी ट्रॅकवरील स्पर्धक गोंदाऐवजी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावत. लाखेची पकड कडक असते. एकदा निघालेला टायर मात्र तिच्यावर पुन्हा बसत नाही. लाखेच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर असूनही आपल्याकडील ट्रॅकवर ही रीत किती होती, याच्या नोंदी विरळ आहेत.

उष्णतेने गोंद मऊ पडतो. १४ जुलै २००३ रोजी तूर द फ्रान्समध्ये गाप शहराकडे उतरताना वितळलेल्या डांबरावर जोसेबा बेलोकी यांच्या चाकाची पकड सुटली, मागील टायर रिमवरून निघाला आणि मांडीचे हाड, कोपर व मनगट मोडून त्यांना शर्यत सोडावी लागली. कार्बन रिम, रिमवर घासणारे ब्रेक आणि लांब उतार हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. डिस्क ब्रेकमुळे रिम तापत नाही व हा प्रश्न बराचसा मिटतो.

सोलापूर परिसर

जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या वर जाते. सकाळी २५ अंशांना ८ बार (सुमारे ११६ पीएसआय) दाबाने भरलेला टायर उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला की दाब सुमारे ८.६ बार होतो. म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरावी आणि सायकल उन्हात उभी करू नये. तुळजापूरचा घाट लहान आहे. तेथे गोंद वितळण्याचे भय मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटाच्या मानाने फारच कमी. पत्र्याच्या खोलीत टांगलेल्या टायरचा गोंद मात्र उन्हाळाभरात कोरडा पडून सुटू शकतो. मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टायर एकदा लोटून पाहणे आवश्यक.

खरा शत्रू काटा आहे. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ सर्वत्र आहे. पावसाळ्यानंतर पिकून वाळणारा सराटा त्याहून वाईट. त्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेपट्टीवर ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधील केसाएवढ्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये शिरल्या की नजरेला दिसत नाहीत, बोट फिरवल्यावर टोचतात. त्यात शर्यतींचा थंडीचा मोसम व साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकच. उसाच्या ट्रॉल्यांमागे पडलेली कांडी व पाचट यांमुळे कडेचा काटा झाकला जातो.

यावरून निवडीची दिशा ठरते. एक मिलिमीटर जाडीचा पट्टा व सुती केसिंग असलेला टायर या रस्त्यांवर सरावासाठी घेणे म्हणजे पैशांची नासाडी. पट्ट्याखाली काटारोधक थर असलेला, नायलॉन केसिंगचा व ब्युटाइल ट्यूबचा टायर येथे योग्य. जर्मनीतील कोर्बाख येथे बनणारा कॉन्टिनेंटल कंपनीचा ‘कॉम्पिटिशन’ हा या जातीचा परिचित नमुना. त्यात व्हेक्ट्रन या कृत्रिम धाग्याचा थर असतो. व्हिटोरिया कंपनीचा ‘कोर्सा’ सुती जातीचा, अधिक वेगवान. तो स्वच्छ रस्त्यावरील कालमापन शर्यतीसाठी राखून ठेवावा. त्याच कंपनीचा ‘रॅली’ स्वस्त आहे, पण जड. रुंदी २५ ते २८ मिलिमीटर असावी. २१ ते २३ मिलिमीटरची जुनी आवड आता मागे पडली आहे आणि खडबडीत डांबरावर रुंद टायर कमी दाबात अधिक वेगाने धावतो, याविषयी फारसा वाद उरलेला नाही.

व्हॉल्व्हचा गाभा काढून आत पातळ लॅटेक्स द्रव (सीलंट) घातल्यास सराट्याची छिद्रे चालता चालता बुजतात. कोरड्या उष्ण हवेत हा द्रव लवकर सुकतो, म्हणून मोसमात तो पुन्हा भरावा लागतो.

सरावासाठी क्लिंचर, शर्यतीच्या दिवशी ट्यूब्युलर, अशी विभागणी खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाची. ज्या शर्यतीत मागे सुटी चाके घेऊन फिरणारी गाडी नसते, तिथे एकटा सायकलपटू ट्यूब्युलर वापरत असेल तर त्याने आधी गोंद लावलेला जुना टायर घडी करून सीटखाली बांधावा. कोरा, गोंद न लावलेला टायर सुटा म्हणून नेणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातील शर्यती व ट्रॅक

मुंबई–पुणे सायकल शर्यतीची परंपरा अनेक दशकांची आहे. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा तिच्यातलीच. म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारले गेले. तेथील सायकल ट्रॅक सिमेंटचा आहे. दिल्लीतील २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा २५० मीटरचा बंदिस्त ट्रॅक लाकडी आहे. लाकडासाठी केलेले अतिहलके टायर सिमेंटवर लवकर झिजतात. बालेवाडीसाठी जाड पट्ट्याचे टायर घ्यावेत. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या २.२ दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली.

सोलापूर जिल्ह्यातील शर्यती मात्र प्रामुख्याने सपाट महामार्गांवरच्या; त्यांना वर ‘सोलापूर परिसर’ या भागात सांगितलेली निवड लागू पडते.

दुरुस्ती

छिद्राच्या जागी बेस टेप सोलून शिवण बोटभर उसवतात, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतात, जुन्याच छिद्रांतून मेणलेल्या दोऱ्याने पुन्हा शिवतात आणि टेप चिकटवतात. सुई ट्यूबला लागू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतात. परदेशी माल सहज मिळत नव्हता त्या काळात ही हौस नव्हती, गरज होती. आज बहुतेक जण पंक्चर झालेला टायर टाकून देतात.

मापे, व्हॉल्व्ह, उपलब्धता

रस्त्यावरील ट्यूब्युलरवर २८ इंच असे छापलेले असते. गावोगावी चालणाऱ्या आडव्या दांड्याच्या सायकलीचा २८ × १½ हा टायर त्याहून निराळा. त्याची रिम ६३५ मिलिमीटर मापाची आणि तारेच्या टायरसाठी असते. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा. पेट्रोल पंपावरील हवेची नळी त्याला लागत नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा. खोल कडेच्या रिमसाठी लांब व्हॉल्व्ह किंवा जोडनळी लागते. भारतीय सायकल टायर उद्योगाचे केंद्र लुधियाना असून तेथील भर तारेच्या टायरवर आहे. ट्यूब्युलर मुख्यतः आयात होतात.