कीर्तन सहा माईकवर रेकॉर्ड करताय? आधी फाईलचा हिशेब करा

केम (ता. करमाळा) : उत्तरेश्वराच्या देवळात असो की सप्ताहाच्या मंडपात, कीर्तन घरच्या कॉम्प्युटरवर सराउंड आवाजात घ्यायचं तर एक-दोन माईकवर भागत नाही. समोर बुवा नि टाळकरी, बाजूला पखवाज, पाठीमागे श्रोत्यांचा गजर. प्रत्येक दिशेला वेगळा माईक लागतो. लॅपटॉपच्या माईकच्या भोकातून फार तर दोन चॅनेल जातात. त्यासाठी सहा इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा.

खरी गोची पुढं आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर सहा चॅनेल घेतले, की मिनिटाला सुमारे १०४ एमबी, तासाला सव्वासहा जीबी जागा जाते. साधी वेव्ह फाईल ४ जीबीपुढं जात नाही. म्हणजे ४१ मिनिटांनी, कीर्तन ऐन रंगात असताना, रेकॉर्डिंग तुटू शकतं. आणि ते कीर्तन काही पुन्हा होत नाही. म्हणून प्रत्येक माईकची वेगळी फाईल करावी, एक फाईल चार तास पुरते. एकच फाईल हवी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आरएफ६४ प्रकार निवडावा.

४८ किलोहर्ट्झ ठेवलं तर जागा निम्मी लागते, आणि कीर्तनाला तेवढं पुरतंही. फॅट३२ पेन ड्राईव्हही ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. तो आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.