बोरीबंदरची शहरफेरी आणि अंजुमनची इमारत

मुंबईच्या फोर्ट भागात व्हिक्टोरियाकालीन इमारती दाखवणाऱ्या पायी फेऱ्या निघतात. आम्ही उर्दू माध्यमाची मंडळी नववीच्या मुलांना घेऊन अशा फेरीला जातो. मार्गदर्शक चांगले बोलतात, अभ्यास करून आलेले असतात. तरीही फेरी संपल्यावर मुले विचारतात, "सर, ह्यात आपले कोण होते?" प्रश्न भाबडा वाटेल, पण इतिहास शिकवणाऱ्याला तो टाळता येत नाही.

मुळात हे शहर उभे राहिले ते कापसाच्या पैशावर. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडले. मोकळ्या झालेल्या जागेत आणि आसपास पुढे सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट ओळीने उभे राहिले. राजाबाई टॉवरचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉटचा. हा इसम मुंबईला कधी आलाच नाही! पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे आणि दगड कुर्ल्याच्या खाणीतला. १८७८ साली मनोरा पूर्ण झाला. तो दगड फोडणाऱ्या, घडवणाऱ्या हातांची नावे मात्र कुठल्याच पाटीवर नाहीत.

व्ही.टी. स्टेशनचे तसे नाही. त्याचा कर्ता एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स सर्वांना ठाऊक आहे. काम १८७८ ला सुरू झाले, दहा वर्षे चालले. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ; सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. दर्शनी भिंतीवर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे चेहरे कोरलेले आहेत. नक्षीकामात जे.जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव नावाचे इंजिनियर होते, हे मार्गदर्शकाने सांगितले तर आम्हाला फार बरे वाटते.

समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिच्यापुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा. इथे मेहतांविषयी चार वाक्ये होतात, ती व्हायलाच हवीत. मग रस्त्यापलीकडच्या घुमटांच्या, कमानींच्या इमारतीकडे बोट जाते. 'ही अंजुमन-इ-इस्लामची शाळा, इंडो-सारासेनिक शैली,' एवढे सांगून मंडळी पुढे सरकतात. सारासेन हा युरोपियनांनी मुसलमानांना दिलेला जुना शब्द. शैलीला आपले नाव मिळाले, पण माणसे अंधारातच राहिली.

अंजुमनची स्थापना १८७४ ची, म्हणजे राजाबाई टॉवरचे काम चालू असतानाची. पुढाकार बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडील बंधू सॉलिसिटर कमरुद्दीन आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे यांचा. रोगे घराणे कोकणी मुसलमानांचे, जहाजे आणि चीनच्या व्यापारातून वर आलेले. कोकणातल्या आमच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. मुसलमान मुलांना नवी तालीम मिळावी हा हेतू होता. अनेकांना ती तालीम संशयास्पद वाटत होती, त्या काळातली ही गोष्ट.

बद्रुद्दीन तय्यबजी १८७३ मध्ये मुंबईच्या महापालिकेवर निवडून आले होते. मेहता, तेलंग आणि तय्यबजी ही त्रयी तेव्हा शहराचे राजकारण चालवी. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. म्हणजे ज्या इमारती आम्ही फेरीत पाहतो, त्यांच्या आत हा माणूस वावरत होता. अंजुमनची इमारत ह्याच गावकीतली आहे, पाहुणी म्हणून येऊन उभी राहिलेली नाही.

आम्ही आता मुलांना फेरी उलटी करवतो. आधी अंजुमन, मग महापालिका, स्टेशन, आणि शेवटी ओव्हल मैदानाच्या कडेने हायकोर्ट. १८७८ साली कर्नल फुलरने पूर्ण केलेल्या त्या इमारतीसमोर उभे राहून एक गोष्ट सांगतो. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन अडला होता. तो मंजूर झाला न्यायमूर्ती तय्यबजींसमोर. मुले थोडा वेळ गप्प होतात, मग कुणीतरी विचारते, "कुठल्या खोलीत, सर?"