पाच डॉलरच्या नोटेवरचा ट्रॅक्टर

एडमंड हिलरी म्हटलं की आपल्या वर्गातल्या कोणालाही २९ मे १९५३ ही तारीख आठवेल. भूगोलाच्या बाईंनी ती एका मार्कासाठी इतक्या वेळा विचारली होती की आता विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. न्यूझीलंडने १९९२ साली पाच डॉलरच्या नोटेवर हिलरींचं चित्र छापलं. सोबत डोंगर आहे, ते साहजिकच. पण एक ट्रॅक्टरही आहे. गिर्यारोहकाच्या नोटेवर ट्रॅक्टर कशाला, हे आपल्याला कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

तो ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवावर गेला होता.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. अंटार्क्टिकावर पहिली मोटारगाडी शॅकल्टनने नेली, १९०८ साली. अ‍ॅरोल-जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश कंपनीची ती गाडी समुद्रावरच्या कडक बर्फावर चालायची, मऊ बर्फ लागला की चाकं रुतायची. स्कॉटने १९११ मध्ये पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. एक जहाजावरून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली, उरलेल्या दोन ध्रुवाच्या वाटेवर सुरुवातीलाच बंद पडल्या. पुढे स्कॉटची माणसं स्वतः ओढत गेली आणि त्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. थोडक्यात, बर्फावर इंजिनापेक्षा चाकाचा प्रश्न मोठा होता, किंवा निदान तेवढाच मोठा होता.

१९५५ ते ५८ या काळात राष्ट्रकुल देशांची एक मोहीम निघाली. व्हिव्हियन फुक्स या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने वेडेल समुद्राच्या बाजूने निघून, ध्रुव ओलांडून, संपूर्ण खंड आडवा पार करायचा. हिलरींच्या न्यूझीलंडच्या तुकडीने समोरच्या बाजूने, स्कॉट बेसवरून येऊन, फुक्ससाठी वाटेत इंधन आणि अन्नाचे साठे लावून ठेवायचे. फुक्सकडे स्नो-कॅट या खास बर्फासाठी बनवलेल्या गाड्या होत्या. हिलरींकडे होते फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर. शेतातले. तीसच्या आतली अश्वशक्ती, टनाहून थोडं जास्त वजन, डोक्यावर छप्पर नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला तयार होणारे हे ट्रॅक्टर जगभर लाखांनी खपले. आपल्याकडे उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या रस्त्यावर जाणारा ‘मॅसी’ आपण सर्वांनी पाहिला आहे. तो याच घराण्यातला.

आता चाकाची गोष्ट. टायर जमिनीला तळहाताएवढ्या जागी टेकतो आणि सगळं वजन तेवढ्यावर येतं. बर्फाला ते पेलत नाही. म्हणून पुढचं चाक, मागचं चाक आणि मध्ये एक जादा चाक अशा तिन्हींवरून एकच पट्टा फिरवला. वजन लांबट जागेवर पसरलं, रुतणं कमी झालं. पण पुढची चाकं पट्ट्यात अडकली, म्हणजे स्टिअरिंग गेलं. मग वळायचं कसं? ब्रेकने. उजवीकडे जायचं असेल तर उजव्या बाजूचा ब्रेक दाबायचा. ती बाजू मंदावते, डिफरन्शियल जोर डाव्या बाजूला देतं आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. शेताच्या बांधाशी लहान वळण घ्यायला दिलेली दोन ब्रेकची सोय इथे पूर्ण वेळ स्टिअरिंगचं काम करू लागली. मी रोज सॉफ्टवेअर लिहिते. आधीपासून असलेली एखादी सोय भलत्याच कामाला चपखल बसवणारा सहकारी भेटला की मला फार बरं वाटतं, म्हणून हा तपशील मला सगळ्यात आवडतो.

आपला एक वर्गमित्र तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतो. स्मरणिकेच्या फॉर्ममध्ये ‘उल्लेखनीय कार्य’ या रकान्यात त्याने ‘काही नाही’ असं लिहिलं. फॉर्म टाईप करायचं काम माझ्याकडे होतं म्हणून कळलं, आणि त्याला विचारूनच हे लिहिते आहे. भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, ती तो गिऱ्हाइकाच्या जमिनीप्रमाणे कमी-जास्त रुंदीची करून देतो. टेक्निकलच्या तासाला कानशीने चौकोन घासताना माझा कोन कधी काटकोनात आला नाही, त्याचा पहिल्यांदा यायचा. तर मित्रा, पुढचा भाग नीट वाच.

हिलरींच्या तुकडीत मरे एलिस हा इंजिनिअर आणि जिम बेट्स हा मेकॅनिक होता. मार्च १९५७ मध्ये हिलरी, हे दोघे आणि रेडिओ सांभाळणारा पीटर मलग्रू दोन ट्रॅक्टर घेऊन केप क्रोझिअरपर्यंत चाचणीला गेले. तिथे त्यांना १९११ साली स्कॉटच्या तिघा साथीदारांनी पेंग्विनच्या अंड्यांसाठी भर हिवाळ्यात जाऊन बांधलेली दगडी झोपडी सापडली. त्या तिघांनी तो प्रवास पायी केला होता. चाचणीत जे जे कमी पडलं ते सुधारायला पुढचा हिवाळा मिळाला. तिथे चार महिने सूर्य उगवत नाही. त्या काळोखात ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडले गेले, बसणाऱ्याला वारा लागू नये म्हणून कापडी आडोसे झाले, घसरगाडीवर एक खोलीवजा डबा उभा राहिला. त्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा, रेडिओवर बोलायचं.

१४ ऑक्टोबर १९५७ ला ते निघाले. स्केल्टन हिमनदी चढून पठारावर आले. बर्फातल्या भेगांत एखादा ट्रॅक्टर पडला तर इतरांनी धरावा म्हणून सगळे एकमेकांना दोरांनी बांधलेले होते. डिसेंबरच्या मध्याला शेवटचा, ७०० मैलांवरचा साठा लावून झाला. ठरलेलं काम तिथे संपलं होतं. हिलरी तिथून परतले नाहीत, पुढे निघाले. त्यावर तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच धुळवड झाली. फुक्सच्या आधी पोचायची घाई होती का, परवानगी होती का, वगैरे. माझ्या मते हिलरींना ध्रुव हवा होता आणि त्यांनी तो फारसा लपवलाही नाही. पण त्या वादात इतकी शाई गेली की ट्रॅक्टर चालते ठेवणाऱ्यांसाठी उरलीच नाही. शेवटच्या टप्प्यात बर्फ भुसभुशीत, उंची जवळजवळ तीन हजार मीटर, विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी. ओझं कमी करण्यासाठी सामान वाटेत टाकत जावं लागलं. ४ जानेवारी १९५८ ला तीन ट्रॅक्टर आणि पाच माणसं ध्रुवावर पोचली, तेव्हा पेट्रोल संपत आलं होतं. जमिनीवरून वाहनाने ध्रुव गाठण्याची ही पहिलीच वेळ. जमिनीवरून त्याआधी तिथे पोचलेला शेवटचा माणूस म्हणजे १९१२ सालचा स्कॉट. हिलरी, मलग्रू, एलिस, बेट्स आणि छायाचित्रकार डेरेक राइट अशी ती पाच नावं.

हिलरींनी ट्रॅक्टरच्या कंपनीला तार करून त्याच्या भरवशाची तोंड भरून तारीफ केली. त्यातला एक ट्रॅक्टर पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये आला. फुक्स दोन आठवड्यांनी ध्रुवावर पोचले. ७०० मैलांच्या साठ्यापाशी हिलरी विमानाने येऊन त्यांना भेटले आणि पुढची वाट दाखवायला त्यांच्याच स्नो-कॅटमध्ये बसले. ट्रॅक्टरनी आणून ठेवलेल्या पिंपांतलं पेट्रोल भरत ती मंडळी २ मार्चला स्कॉट बेसवर उतरली.